कॅटनिप म्हणजे मांजरांचा गांजा? त्या फॉरवर्डचं एकेक वाक्य तपासून बघू

इंदूरच्या मांजरवाल्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. राजेंद्र नगर असो की सुदामा नगर, ज्याच्या घरी मांजर आहे त्याच्या फोनमध्ये तो आलेला आहेच. थोडक्यात सांगायचं तर असा: कॅटनिप म्हणजे मांजरांचा गांजा, घरात कुंडी ठेवली की मांजराला व्यसन लागतं, पिल्लं तर वेडीच होतात, तसंही ते थंड देशातलं झाड आहे, आपल्याकडे जगत नाही, ठेवायचंच असेल तर खोलीत सावलीला ठेवा, रोज पाणी घाला, आणि त्याचं तेल डासांवर डीटपेक्षा (डास पळवायच्या क्रीममध्ये असतं ते रसायन) दहापट भारी असतं म्हणून मांजराच्या अंगाला चोळा. ओळखीतल्या एका काकूंनी हे वाचून छान वाढलेलं रोप उपटून फेकलं, मला फार वाईट वाटलं, म्हणून हे लिहितेय.

आधी तो गांजाचा मुद्दा, कारण लोक घाबरतात ते त्यालाच. कॅटनिप हे पुदिना-तुळशीच्या कुळातलं झाड आहे, त्यात नेपेटालॅक्टोन नावाचं द्रव्य असतं आणि मांजर त्याने लोळतं, गाल घासतं, पण हा परिणाम होतो तो वासातून, नाकावाटे. गांजा शरीरात ज्या जागी काम करतो ती यंत्रणाच वेगळी. जपानमधल्या इवाते विद्यापीठाच्या लोकांनी 2021 साली मताताबी नावाच्या वेलीतल्या अशाच जवळच्या द्रव्यावर काम केलं, तेव्हा दिसलं की तो वास घेतल्यावर मांजराच्या रक्तात त्याचंच स्वतःचं बीटा-एंडॉर्फिन, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं ते बरं वाटायला लावणारं द्रव्य, वाढतं, आणि ते काम अडवणारं औषध आधी दिलं तर मांजर लोळत नाही. म्हणजे बाहेरून काही नशा आत जात नाही, मांजराचं शरीर स्वतःच ते तयार करतं आणि सगळा खेळ पाच ते पंधरा मिनिटांत आटपतो. त्यानंतर तासभर तरी तीच कुंडी तुम्ही त्याच्या नाकासमोर धरा, ढुंकून बघणार नाही. ज्याला व्यसन लागलंय तो समोर माल ठेवल्यावर असा पाठ फिरवून झोपायला जातो का? बंद केलं म्हणून मांजर आजारी पडतं असंही नाही.

पिल्लांचं तर उलटंच आहे. तीन ते सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना बहुतेक वेळा कॅटनिपचं काहीच वाटत नाही. मोठ्या मांजरांतही साधारण तीनातल्या एकावर काही असर होत नाही, ते आनुवंशिक असतं. तेव्हा तुमच्या बोक्याने रोपाकडे पाहिलंसुद्धा नाही तर नर्सरीवाल्याशी भांडू नका, रोप अस्सल असू शकतं.

एक गोष्ट मात्र खरी आणि ती फॉरवर्डमध्ये नाहीये, ती अशी की मांजराने भरपूर पानं खाल्ली तर उलटी किंवा जुलाब होऊ शकतात. थोडी चावली तर काही नाही, पण आख्खी कुंडी फस्त करू देऊ नये. आणि विषाचीच काळजी असेल तर आधी घरातल्या बाकी कुंड्या बघा ना. मनीप्लांट आपल्याकडे घरोघरी असतो, तो चावला की मांजराचं तोंड जळजळतं, लाळ गळते. लिली तर त्याहून कितीतरी वाईट, नुसते परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची किडनी जाऊ शकते. त्या लिलीचे गुच्छ आपण वाढदिवसाला घरात आणतो आणि भीती बिचाऱ्या कॅटनिपची!

आता आपल्याकडे जगत नाही म्हणतात ते. हे झाड मूळचं युरोपपासून मध्य आशिया ते पश्चिम हिमालयापर्यंतचं, थंडी त्याला आवडते हे मान्य, पण माळव्याची थंडी त्याला मस्त मानवते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बी टाकायचं, बी बारीक असतं, वर मातीचा अगदी पातळ थर, आणि बियाचं साल कडक असतं म्हणून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मग एक दिवस पाण्यात भिजवलं तर बरं उगवतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा दुपारच्या उन्हातून कुंडी आत घ्यावी लागते, पण त्या दिवसांत आपण तुळशीलाही जपतोच की. रोपं मरतात ती बहुतेक मातीने. आपली काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत मात्र पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात, म्हणून तिच्यात भरपूर रेती आणि कंपोस्ट मिसळा आणि कुंडीला खाली भोक आहे का ते बघून घ्या.

सावली आणि रोज पाणी, हा सल्ला तर सरळ सरळ रोप मारायचाच आहे. कॅटनिपला दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवं, दक्षिणेची किंवा पूर्वेची खिडकी बघा, आणि फ्लॅटमध्ये ऊनच येत नसेल तर झाडांसाठीचा एलईडी बारा-चौदा तास लावून ठेवा. कमी उजेडात ते लांबुळकं होतं, दांडा बारीक, दोन पानांत बरंच अंतर, आणि वासही कमी. पाणी तेव्हाच, जेव्हा बोट खुपसून वरची माती कोरडी लागेल. शेंडे खुडत राहिलात तर झाड भरगच्च होतं, आणि फवारणी काहीही करू नका, ते मांजराच्या पोटात जाणार.

खरी अडचण मांजराचीच असते, तिच्यावर त्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही! पान हातात घेऊन बघा, करडट हिरवं, मऊ लव, कडेला दाते, दांडा चौकोनी, आणि पानाच्या खालच्या बाजूला तेलाच्या इवल्याशा ग्रंथी असतात. पान शाबूत असेल तोवर वास बेताचाच, चुरगळलं की मात्र दरवळतो. रोप एका कुंडीतून दुसरीत हलवताना पानं चुरगळतातच, म्हणून त्या दिवशी मांजर हमखास येऊन त्यावर गाल घासणार, आडवं पडणार आणि कोवळं रोप मुळासकट चपटं करणार. वीतभर वाढेपर्यंत रोपावर जाळीची टोपली उपडी घाला नाहीतर टांगत्या कुंडीत लावा, आणि मांजराला द्यायची ती चार पानं खुडून द्या. जास्तीची सावलीत वाळवून हवाबंद डबीत भरा.

आणि डास. दहापटीची गोष्ट कुठून आली ते माहितीये, 2001 साली अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी काचेच्या नळीत डास सोडून नेपेटालॅक्टोन तपासलं होतं, त्यातून. पण तो नळीतला प्रयोग होता, कातडीवर हा वास डीटइतका वेळ टिकत नाही, आणि कोपऱ्यात नुसती उभी असलेली कुंडी तर डासांना काहीच करत नाही. मांजराला तेल चोळणं मात्र खरंच धोक्याचं आहे. तेल पानापेक्षा कितीतरी तीव्र असतं, मांजराचं लिव्हर अशा तेलांतली बरीच द्रव्यं आपल्यासारखी निपटू शकत नाही, आणि अंगाला लावलं की ते चाटणारच. कुणी लावलं असेल आणि मांजर लडखडत असेल, लाळ गाळत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

ज्यांनी घाबरून रोप टाकलं असेल त्यांनी दिवाळीनंतर मला सांगा. शेंड्याकडचा तुकडा पाण्यात ठेवला तरी त्याला मुळं फुटतात, माझ्याकडून घेऊन जा.