मायकेल जॉर्डनला कुणी हाकललं नव्हतं

‘जॉर्डनला शाळेच्या संघातून हाकललं. त्याने बाकी सगळे खेळ सोडले, फक्त बास्केटबॉल धरला, रोज बारला लटकून उंची वाढवली आणि जगज्जेता झाला. तुमच्या मुलालाही आठव्या वर्षीच एका खेळाला जुंपा, लटकवा, रोज ५०० उड्या मारायला लावा.’ हा फॉरवर्ड भाच्याच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर आला आणि आता त्याचा फुटबॉल बंद करायचं घाटतंय. म्हणून हा खटाटोप.

हाकललं वगैरे काही नाही. अमेरिकन हायस्कुलात सहसा दोन संघ असतात : व्हार्सिटी आणि त्याखालचा ज्युनियर व्हार्सिटी. १९७८ साली विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कुलात दहावीतल्या जॉर्डनला खालच्या संघात घातलं. तेव्हा तो जेमतेम ५ फूट १० इंच. दहावीतला वर गेला तो लेरॉय स्मिथ, ६ फूट ७ इंच. संघाला उंची हवी होती. वर घेतलं असतं तर जॉर्डन बाकावर बसला असता, खाली त्याला भरपूर खेळायला मिळालं. यादीत नाव नाही म्हणून घरी जाऊन रडला, एवढं मात्र खरं.

‘बाकी खेळ सोडले’? शाळेत तो बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलही खेळायचा. एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, तीन विजेतेपदं घेऊन झाल्यावर १९९४ मध्ये बर्मिंगहॅम बॅरन्स या बेसबॉल संघाकडून १२७ सामने खेळला, मार्च १९९५ मध्ये बास्केटबॉलकडे परतला आणि आणखी तीन विजेतेपदं घेतली. एकनिष्ठेचा नमुना म्हणून माणूस निवडला तो नेमका हा!

आता लटकणं. पाय लांबतात ते हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या थरातून, ग्रोथ प्लेटमधून. लटकल्याने मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब घटकाभर कमी होतो. उभं राहिलं, चाललं की होतं तसं. जॉर्डन पुढच्या वर्षी चार-पाच इंच वाढला, वयात येताना पोरं वाढतात तसा. लटकून निदान नुकसान तरी नाही. उड्यांचं तसं नाही. वाढत्या वयात मांडीचा स्नायू गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाला जिथे धरतो, ती जागा अजून कच्ची असते. रोजच्या शेकडो उड्यांनी तिथे ओढ बसते, टेंगूळ येतं, गुडघे टेकले की कळ येते. ऑसगुड-श्लॅटर म्हणतात त्याला. अशा वेळी उड्या कमी करायच्या, ‘सहन कर’ म्हणायचं नाही.

एक कबूल करायला हवं. एनबीएचे संघ दरवर्षी नवे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात; २००८ ते २०१५ मध्ये पहिल्या फेरीत निवडलेल्या २३७ खेळाडूंचा अभ्यास २०१८ साली छापून आला. त्यातले २०१ जण हायस्कुलात फक्त बास्केटबॉलच खेळलेले. म्हणजे एका खेळाची वाट चुकीची नाही. पण मोठी दुखापत त्यांच्यात ४३ टक्के, अनेक खेळ खेळलेल्या ३६ जणांत २५ टक्के. यावरून एकच खेळ हेच दुखापतीचं कारण, असं सिद्ध होत नाही. तरी आठव्या वर्षाचं समर्थन तर त्यातून मुळीच निघत नाही, कारण आकडे हायस्कुलातले आहेत.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय : एकाच खेळात उतरायचं ते १५-१६ वर्षांनंतर, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी, आणि त्या खेळापासून वर्षात एकूण तीन महिने विश्रांती, एकेका महिन्याच्या तुकड्यांत घेतली तरी चालेल. बारमाही अकादमीची फी भरण्याआधी हे तीन महिने कधी देणार, ते विचारून घ्या.