जीव वाचवायला पैसे मिळाले, उभं राहायला नाही

आईच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू पूर्ण लुळी. देवगडहून फोंडाघाट चढून कोल्हापूर गाठलं, आयसीयू झालं, वॉर्ड झाला, आणि विमा कंपनीने ते बिल फारशी खळखळ न करता भरलं. हे आधीच सांगते, कारण विमा कंपन्यांना सरसकट शिव्या घालायला ही पोस्ट नाही. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाचं (IRDAI) 29 मे 2024 चं परिपत्रक आहे: कॅशलेसच्या अर्जाला एका तासात उत्तर, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी. आमच्या बाबतीत ते बऱ्यापैकी पाळलं गेलं. माझं भांडण त्याच्या पुढच्या भागाशी आहे.

न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, आता हिला घरी नेऊ नका, थेट रिहॅबला हलवा. पहिल्या तीन महिन्यांत मेंदू जेवढं परत शिकतो तेवढं नंतर शिकत नाही. रिहॅब म्हणजे काय ते मला तिथे जाईपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. सकाळी फिजिओ, मग हाताच्या बोटांचं काम, दुपारी गिळायचं कसं ते शिकवणारी थेरपिस्ट, संध्याकाळी पुन्हा उभं करणं, चालवणं. आई एवढी दमायची की जेवतानाच डोळे मिटायचे. रोज एकच पालुपद, "माका घराक जावचा हा." दिवसाचा खर्च सहा-सात हजार, औषधं वेगळी.

या रिहॅबच्या खर्चाचा क्लेम केला, तर कंपनीकडून दोन ओळींचं उत्तर आलं. एक्सक्लूजन 05 (पॉलिसीतलं, न भरायच्या खर्चाचं एक कलम), सबब नामंजूर. फोनवरची मुलगी गोड बोलायची, "मॅडम, रिहॅबिलिटेशन कुठल्याच पॉलिसीत नसतं."

मी ते कलम काढून वाचलं. तुम्हीही आपापली पॉलिसी काढा, बहुतेक सगळ्यांत सापडेल, कारण नियामकाने 2019 मध्ये न भरायच्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून टाकली. कलमाच्या मथळ्यात विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरती देखभाल एकत्र कोंबलेत. पण खालचा मजकूर काय म्हणतो? जी भरती मुख्यतः सक्तीच्या बेडरेस्टसाठी आहे, उपचारासाठी नाही, तिचा खर्च मिळणार नाही. त्यात आंघोळ घालणं, कपडे बदलणं, हिंडवणं असली देखभाल येते, आणि अखेरच्या आजारातली शुश्रूषाही येते. आता मला सांगा, जिला दिवसातून चार वेळा उठवून घाम निघेपर्यंत राबवतात, ती बाई बेडरेस्टवर आहे? मी नेमकं हेच लिहून पाठवलं. सोबत रोजचा थेरपीचा तक्ता, गिळण्याच्या तपासणीचा रिपोर्ट आणि न्यूरॉलॉजिस्टचं पत्र जोडलं. उत्तर तेच, दोनच ओळींचं. फक्त तारीख बदललेली.

मग कंपनीने दुसरा मुद्दा काढला, की हे रिहॅब म्हणजे हॉस्पिटलच नाही, कारण ऑपरेशन थिएटर नाही. हा मुद्दा पुष्कळांना ऐकवतात म्हणून लिहून ठेवते. पॉलिसीतल्या हॉस्पिटलच्या व्याख्येत मधोमध एक "किंवा" आहे. जागा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली (दवाखान्यांच्या नोंदणीचा केंद्राचा कायदा) किंवा त्याच्या परिशिष्टातल्या राज्याच्या कायद्याखाली, म्हणजे आपल्याकडे 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली, हॉस्पिटल म्हणून नोंदलेली असेल तर तेवढं पुरतं. खाटांची संख्या, चोवीस तास डॉक्टर-नर्स, ऑपरेशन थिएटर या अटी नोंदणी नसलेल्यांसाठी आहेत. तेव्हा भरती करण्याआधी रिहॅबवाल्यांकडून नोंदणीच्या दाखल्याची प्रत मागून घ्या. दाखला नसेल तर जागा कितीही चकाचक असो, क्लेमच्या नावाने चांगभलं.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आईला गिळायला शिकवलं नसतं तर पेज श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला असता. त्या न्यूमोनियाच्या आयसीयूचे पैसे हीच कंपनी बिनबोभाट भरते. तोल नीट न येता घरी नेली असती आणि न्हाणीत पडून खुबा मोडला असता, तर ऑपरेशन आणि इम्प्लांटचेही पैसे मिळाले असते, लाखांत. पडू नये म्हणून शिकवायचे पैसे तेवढे नाहीत. याला कंपनीचा फायदा म्हणावं, तर तोही दिसत नाही. पैशांचं हे गणित मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

"घरी फिजिओ लावा ना, स्वस्त पडेल," हा सल्ला मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडून हमखास येतो. (दुसरा सल्ला कबुतराचं रक्त चोळण्याचा, तो गावातून.) आमचं घर वाडीच्या टोकाला. रस्ता संपला की खाली जांभ्याच्या पायऱ्या, त्याही पावसात शेवाळलेल्या. फिजिओ आहेत, पण कणकवलीत. रोज एवढं अंतर येऊन अर्धा तास व्यायाम घेऊन परत जायचं, हे कुणाला परवडणार? गिळायला शिकवणारं तर आसपास कुणी सापडलंच नाही. मागे राहिलेली म्हातारी माणसं, मुलं मुंबईत चाकरीला, सून आली तर गणपतीला आणि शिमग्याला. अशा घरात "घरी करा" म्हणजे करूच नका. शहरात निवासी रिहॅब ही सोय असेल, आमच्याकडे थेरपी मिळायचा तेवढाच मार्ग आहे. आणि तोही घाटावर. इथून उठायचं, तिकडे खोली भाड्याने घ्यायची, नोकरीतून बिनपगारी रजा काढायची. यातला एक रुपयाही कुठल्या बिलावर दिसत नाही.

जे मिळालं तेही सांगते. पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या खर्चाचा भाग असतो. आरोग्य संजीवनी या नियामकाने ठरवून दिलेल्या साच्याच्या पॉलिसीत तो 60 दिवसांचा आहे, काही पॉलिसींत जास्त. मूळ भरती मंजूर झालेली असेल आणि त्याच आजारासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल, तर औषधं, तपासण्या आणि बहुतेक पॉलिसींत फिजिओथेरपी त्यातून मागता येते. मात्र डिस्चार्ज कार्डावर "फिजिओथेरपी रोज, इतके आठवडे" असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "फिजिओ सुरू ठेवा" लिहिलं की शंका काढतात. रिहॅबच्या बिलात खोलीभाडं आणि थेरपी वेगवेगळी दाखवायला लावा. आमची खोली गेली, पण थेरपीचे बरेचसे पैसे या वाटेने आले. एजंट काकांनी हे सांगितलं नव्हतं. रिहॅबमध्येच दुसऱ्या पेशंटच्या मुलाकडून कळलं. काका हप्त्याच्या तारखेला मात्र न चुकता फोन करतात.

आई सत्तरीच्या पुढची, त्यामुळे सरकारी योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढलं. वर्षाला 5 लाखांचं संरक्षण, आणि खाजगी विमा असला तरी ते मिळतं. ज्यांनी काढलं नसेल त्यांनी आजच काढा. पण ती योजना यादीतल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या पॅकेजवर चालते. आमचं रिहॅब यादीत नव्हतं, विषय संपला.

आता प्रकरण विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्यांकडे, आहे. त्याला फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही की वर्षाच्या आत लोकपालांकडे जायचं. कोण जिंकेल ते बघू. समजा जिंकलेच, तरी त्या आदेशाने माझं एकटीचं बिल निघेल. कलम आहे तिथेच राहील आणि उद्या मालवणातल्या कुणाला तेच दोन ओळींचं उत्तर जाईल. म्हणून मागणी नियामकाकडे आहे. पक्षाघात, मणक्याची दुखापत, डोक्याला मार, एवढ्या तीन गोष्टींनंतर तज्ज्ञाने लिहून दिलेलं रिहॅब त्या कलमातून बाहेर काढा. दिवसांची मर्यादा घाला, दर ठरवा, हप्ता थोडा वाढवा, चालेल. पण विश्रांतीच्या गठ्ठ्यातून ते काढा.

आई सध्या वॉकर घेऊन ओटीपर्यंत येते. पायऱ्या अजून जमत नाहीत, आणि त्यावरून माझ्याशी रोज भांडते.

एक मदत हवी आहे. चिपळूण ते सावंतवाडी या पट्ट्यात पेशंटला भरती ठेवून रोज थेरपी देणारी, हॉस्पिटल म्हणून नोंदणी असलेली जागा कुणाला माहीत असेल तर गाव आणि साधारण खर्च लिहा. माझी आई आता घरी आहे, पण मला विचारायला फोन येतात आणि त्यांना दर वेळी घाटाकडे बोट दाखवावं लागतं. क्लेम नाकारल्याचं पत्र ज्यांच्याकडे असेल त्यांनी नाव-नंबर झाकून मला पाठवा. नियामकाला पाठवायच्या निवेदनाला ती जोडायची आहेत.