क्लब शहराच्या मालकीचा हवा, महापौराच्या नव्हे

जुलै 2025 मध्ये इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा पुढचा हंगाम स्थगित झाला आणि पुण्यातल्या माझ्या मित्रमंडळींत जुना वाद नव्याने पेटला. एका बाजूचं म्हणणं असं, की उद्योगपतींच्या भरवशावर क्लब टिकत नाहीत हे आता पुरेसं सिद्ध झालंय, तेव्हा महापालिकेनेच एक क्लब चालवावा. दुसरी बाजू विचारते, रस्त्यातले खड्डे बुजत नाहीत, उपनगरांत टँकर फिरतायत, आणि करदात्यांचा पैसा फुटबॉलवर घालायचा? मी दक्षिण कोरियातल्या सोंगनाम शहरात, बुंदांग भागात राहते. इथला व्यावसायिक फुटबॉल क्लब 2014 पासून नगरपालिकेच्या मालकीचा आहे. त्यामुळे दोन्ही बाजू मला साक्षीला बोलावतात. माझी साक्ष पहिल्या बाजूने आहे, पण एका अटीवर. ती अट सोंगनामच्या इतिहासातून आली आहे, म्हणून तो आधी सांगते.

क्लबचा जन्म 1989 चा. मालक इल्हवा ही जिनसेंगची पेयं बनवणारी कंपनी, सन म्यंग मून यांच्या युनिफिकेशन चर्चच्या उद्योगसमूहातली. सुरुवातीला घर सोलमध्ये, 1996 पासून छोनानला, आणि 2000 पासून सोंगनाममध्ये. कंपनीला जिथे सोयीचं, तिथे क्लब. सोंगनाममध्ये आल्यावर इथल्या प्रोटेस्टंट चर्चांनी विरोध केला, कारण त्यांच्या दृष्टीने हा एका वेगळ्या पंथाचा संघ होता. मैदानावर मात्र या संघाला तोड नव्हती. 1993 ते 1995 सलग तीनदा लीग जिंकली, 2001 ते 2003 पुन्हा सलग तीनदा, 2006 मध्ये सातव्यांदा. आशियातलं सर्वोच्च विजेतेपद दोनदा, 1995 आणि 2010 मध्ये. 2010 चा अंतिम सामना टोकियोत इराणच्या झोब आहनविरुद्ध 3-1 असा जिंकला. एवढं असूनही घरच्या मैदानावर खुर्च्या रिकाम्या असायच्या. विजेतेपदं विकत घेता येतात, पण शहराचं प्रेम तसं मिळत नाही, हे या क्लबने वीस वर्षं दाखवून दिलं.

सप्टेंबर 2012 मध्ये मून वारले. पुढच्याच वर्षी उद्योगसमूहाने हात आखडता घेतला. क्लब जवळच्या आन्सान शहराला जाणार अशा बातम्या आल्या. इथवरची गोष्ट पुणेकराला पाठ आहे. पुण्याने 2015 ते 2019 या काळात चार व्यावसायिक क्लब गमावले: पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी. त्यातला पुणे एफसी 2012-13 मध्ये आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत दुसरा आला होता! एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादने घेतली, आणि 2025 मध्ये हैदराबादचाही क्लब उचलून दिल्लीला नेला गेला. बालेवाडीत नारिंगी जर्सी घालून बसणाऱ्या पोरांना कुणी विचारलं नाही. विचारायला जबाबदार असं कुणी नव्हतंच.

सोंगनाममध्ये फरक इथेच पडला. समर्थक रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांना जाऊन धडकायला एक दार होतं, नगरपालिकेचं. महापौर होते ली जे-म्योंग, आजचे कोरियाचे राष्ट्राध्यक्ष. त्यांच्यासमोर पेच साधा नव्हता. 2010 मध्ये पदावर येताच त्यांनी शहराची देणी वेळेवर फेडता येणार नाहीत असं जाहीर केलं होतं. अशा शहराने तोट्यातला क्लब घ्यायचा? ‘आधी खड्डे बुजवा’ हा युक्तिवाद इथेही झाला. तरी ऑक्टोबर 2013 मध्ये त्यांनी शहर क्लब घेणार अशी घोषणा केली आणि जानेवारी 2014 मध्ये सोंगनाम एफसी उभा राहिला. नवं नाव, काळी जर्सी, बोधचिन्हावर इथला मॅगपाय पक्षी.

या निर्णयाचा अर्थ कळायला सोंगनाम माहीत हवं. साठच्या दशकाच्या अखेरीस सोलमधल्या झोपडपट्ट्या हटवून माणसं इथल्या टेकड्यांवर आणून सोडली गेली. पाणी नाही, काम नाही, वर जमिनीचे पैसे एकदम भरा असा तगादा. 10 ऑगस्ट 1971 ला लोकांचा उद्रेक झाला. 1973 मध्ये त्या वस्तीचं शहर झालं. मग नव्वदच्या दशकात त्याच शहराच्या हद्दीत बुंदांग उभं राहिलं, आखीव रस्ते आणि उंच इमारतींचं, आणि पुढे पांग्योच्या सॉफ्टवेअर कंपन्या आल्या. आजही इथले बरेच जण ‘मी सोंगनामचा’ म्हणत नाहीत, ‘मी बुंदांगचा’ म्हणतात. टेकडीवरचं जुनं शहर आणि खालचं श्रीमंत शहर यांना एका नावाने ओरडायला लावणारी जागा मला तरी तांचनचं स्टेडियम, म्हणजे क्लबचं घरचं मैदान, सोडून दुसरी दिसलेली नाही. हा फायदा ताळेबंदात येत नाही. बालगंधर्व रंगमंदिर महापालिकेचंच आहे, पण त्याने नफा किती कमावला हे कुणी विचारत नाही.

पहिलं वर्ष वादळी गेलं. प्रशिक्षक पार्क जोंग-ह्वान यांच्यावर खेळाडूंना मारल्याचा आरोप झाला आणि एप्रिलमध्येच त्यांना जावं लागलं. सप्टेंबरमध्ये किम हाक-बम आले, आणि नोव्हेंबरमध्ये सोलच्या बलाढ्य संघाला पेनल्टीत हरवून या संघाने कोरियाचा एफए कप जिंकला. 2015 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत चीनच्या ग्वांगचौ एव्हरग्रांडला घरच्या मैदानावर 2-1 हरवलं. परतीच्या सामन्यात 0-2 हार झाली आणि वाटचाल थांबली, पण कोट्यवधी डॉलरच्या संघाला नगरपालिकेच्या संघाने घाम फोडला होता. 2016 मध्ये सोंगनाम आणि सुवॉनच्या महापौरांनी पैज लावली: जो हरेल त्याच्या मैदानावर जिंकणाऱ्याचा झेंडा लागेल. मार्चमधला सामना 1-1 सुटला, जुलैत सुवॉन जिंकलं आणि तांचनवर सुवॉनचा झेंडा चढला. दोन नगरपालिकांची ही चुरस मला मनापासून आवडते.

आता अटीकडे येते. शहराचा क्लब झाला की महापौर त्याचा मालक होतो, आणि निवडून आलेल्या मालकाला यश लवकर हवं असतं. नगरपालिकेचं अनुदान अपुरं पडलं तेव्हा पैसा शहरातल्या कंपन्यांच्या जाहिरातींतून आला. मार्च 2023 मध्ये सरकारी वकिलांनी ली यांच्यावर आरोपपत्र ठेवलं, की परवानग्या आणि जमिनीच्या वापरातले बदल यांच्या मोबदल्यात कंपन्यांकडून क्लबला सुमारे 1,330 कोटी वॉन मिळवून दिले. ली हे आरोप फेटाळतात. ते साधे जाहिरात करार होते आणि परवानग्या हे नेहमीचं प्रशासकीय काम होतं, असं त्यांचं म्हणणं. आधी पोलिसांनी प्रकरण बंद केलं होतं, मग ते पुन्हा उघडलं. 2025 मध्ये ली राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांच्यापुरता खटला थांबला. 2015 मध्ये संघाच्या छातीवर गरिबांची बुडीत कर्जं माफ करणाऱ्या मोहिमेचं नाव होतं. त्या जर्सीमागचा पैसाही पुढे याच तपासात ओढला गेला. कोर्ट काय ठरवायचं ते ठरवो. माझ्या दृष्टीने मूळ दोष व्यवस्थेत आहे: ज्याच्या टेबलावर फाईल पडलेली आहे त्यानेच क्लबसाठी प्रायोजक शोधायचा, ही रचनाच चुकीची.

पुण्यात हे अधिक घातक ठरेल. एफएसआय, टीडीआर (म्हणजे जमिनीवर किती बांधायचं याचे हक्क), आरक्षण बदल हे ज्या शहराच्या राजकारणाचं खरं चलन आहे, तिथे महापालिकेच्या क्लबला बिल्डरची जाहिरात म्हणजे काय, हे मी समजावून सांगायची गरज नाही. म्हणून अट अशी: महापालिकेत ज्याचा एकही अर्ज प्रलंबित आहे त्याचा रुपयाही क्लबने घेऊ नये. पैसा यावा तो अंदाजपत्रकातून, सभागृहात मत घेऊन, आणि तिकिटांतून. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका मिळून पीएमपीएमएल या शहर बससेवेची तूट भरतात, त्यावर दरवर्षी भांडण होतं, आणि ते व्हायलाच हवं. क्लबवरही तसंच उघड भांडण व्हावं.

अडचण अशी, की भांडायला सभागृह लागतं. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर पुणे महापालिकेत काही वर्षं निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासक कारभार पाहत होते. आणि सभागृह असलं तरी आपला महापौर नावापुरता, खरी सूत्रं आयुक्तांकडे. सोंगनामचा महापौर लोक थेट निवडतात आणि शहराचा पैसा त्याच्या हातात असतो. त्यामुळे 2022 मध्ये ली यांच्या विरोधी पक्षाचे शिन सांग-जिन निवडून आले आणि त्यांनी क्लब विकण्याची भाषा सुरू केली, तेव्हा समर्थकांना कुणासमोर फलक धरायचे ते नेमकं माहीत होतं. त्या हंगामात संघ तळाला जाऊन दुसऱ्या श्रेणीत घसरला, पण शहराबाहेर गेला नाही. पुण्यात फलक कुणासमोर धरायचा? आयुक्तांची तर कधीही बदली होऊ शकते.

तरीही मी बाजू बदलत नाही, आणि त्याला कारण आहे अन्यांग. सोलला खेटून असलेल्या या शहराचा संघ, 2000 चा लीगविजेता, 2004 मध्ये त्याच्या उद्योगसमूहाने सोलला हलवला. तिथले समर्थक वर्षानुवर्षं पाठपुरावा करत राहिले. शेवटी शहराने स्वतःचा संघ काढला आणि तो 2013 मध्ये दुसऱ्या श्रेणीत उतरला. जर्सी जांभळी, कारण अन्यांगची द्राक्षं एकेकाळी प्रसिद्ध होती. 2024 मध्ये तो संघ दुसऱ्या श्रेणीत पहिला आला, आणि 2025 मध्ये ज्या क्लबाने त्यांना सोडलं होतं त्याच एफसी सोलविरुद्ध, सोलमध्ये जाऊन जिंकला. हे एकवीस वर्षांनी घडलं. शहर मालक नसतं तर एवढी वर्षं वाट पाहायला कोणता प्रायोजक थांबला असता?

आता मित्रांचा पुढचा प्रश्न: मग सुरुवात पुण्यात करायची का? मला कोल्हापूर आधी दिसतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ या तालमी-मंडळांच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांना राजर्षी शाहू स्टेडियम ओसंडतं. प्रेक्षक तयार करावे लागणार नाहीत. पण पेठेचा माणूस तालमीचा रंग सोडून शहराच्या रंगाखाली यायला सहज तयार होणार नाही, आणि त्याने सोडावा असंही मला वाटत नाही. शहराचा संघ काढायचा तर तालमींना त्यात भागधारक करावं लागेल, त्यांचे खेळाडू त्यात गेले तर तालमीला मोबदला द्यावा लागेल, आणि तालमींचा हंगाम आहे तसाच चालू ठेवावा लागेल. हे कसं करायचं, यावर कोल्हापूरच्या मंडळींनी लिहावं. सोंगनामच्या करारांत काय होतं आणि काय असायला हवं होतं, ते इथून कळवायला मी तयार आहे.