मामांच्या मोबाईलवरचं ‘हार्वर्ड’

रविवारी बेळगावात अनगोळला मामांकडं जेवायला गेलो. ताट यायच्या आधी मोबाईल पुढं आला. "वाच हे. हार्वर्डनंच सांगून सोडलंय. तू म्हणतोस खरं, मी काय ते ईआरपी घेत नाही."

मामांचं उद्यमबागेत मशीनशॉप आहे. ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. मोबाईलवरचा तो फॉरवर्ड कारखानदारांच्या ग्रुपवरून आलेला. त्यात असं: ईआरपी घेणाऱ्या शंभरातल्या 70 कंपन्या बुडतात, हा हार्वर्डचा अभ्यास. लिडल या जर्मन सुपरमार्केटवाल्यांनी ईआरपीपायी 500 मिलियन युरो पाण्यात घातले. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असलं की दुसरं काही लागत नाही. घ्यायचंच असेल तर आधी जुनी माणसं बदला, चाळिशीपुढचा कामगार शिकत नाही. आणि सॉफ्टवेअर आलं की चोरी आपोआप बंद. म्हणजे बुडवणारंही तेच आणि चोर पकडणारंही तेच!

आधी हार्वर्ड. 1993 साली हॅमर आणि चॅम्पी या लेखकांनी रीइंजिनिअरिंगबद्दल, म्हणजे कंपनीतली कामाची पद्धत मुळापासून बदलण्याबद्दल लिहिताना 50 ते 70 टक्के प्रयत्नांना हवं तसं फळ येत नाही असा अंदाज दिला, आणि तो शास्त्रीय नाही हेही तिथंच लिहिलं. 2000 साली बीअर आणि नोहरिया यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत बदलाचे 70 टक्के प्रयत्न फसतात असं लिहिलं. तेवढ्यापुरतं हार्वर्ड खरं. पुढं 2011 मध्ये ब्रायटन विद्यापीठाच्या मार्क ह्यूज यांनी असे पाच छापील दावे उलगडून पाहिले. एकाच्याही मागं भरवशाचा पुरावा सापडला नाही. शिवाय मूळ गोष्ट कामाची पद्धत बदलण्याची. त्यात ईआरपी कुठून आलं, आणि ‘बुडतात’ कुणी घातलं?

हे एक वेळ सोडून देऊ. डोकं फिरलं ते जुन्या माणसांवरून, कारण मामा स्टोअरच्या अण्णांना घरी बसवायचं बोलू लागले होते.

मी ज्या फाउंड्रीत आहे तिथं हे होऊन गेलंय. पोरांनी मालाची यादी बनवून कॉम्प्युटरात चढवली. एकच व्हॉल्व्ह बॉडी वहीत ‘गोल बॉडी’, गिऱ्हाइकाच्या कागदावर ड्रॉइंग नंबर, आणि शॉपमधल्या कन्नड पोरांच्या तोंडी ‘दोड्ड (मोठी) बॉडी’. कॉम्प्युटरात ते तीन माल झाले. रॅकमध्ये नग पडलेले, स्क्रीनवर शून्य, आणि आम्ही नवीन ओतायला घेतोय. तिन्ही एकच हे सांगणारा माणूस एकच होता, आमचा छप्पन वर्षांचा स्टोअरकीपर. लाल पेन घेऊन तो रॅकमागून रॅक फिरला आणि यादी निम्मी खोडली. टाईप तो आजही एका बोटानं करतो. स्क्रीनवरचं इंग्रजी बारीक दिसतं म्हणून पुठ्ठ्यावर कोड आणि खाली मराठी नाव लिहून प्रत्येक रॅकला टांगलंय. नवीन पोरंही आता तो पुठ्ठाच बघतात.

आम्ही अडलो ते वहीपाशी. वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू ठेवले. दिवसभर वहीत, रात्री एकजण उतरवून घेणार. हिशेब कधी जुळला नाही. वही कपाटात गेली तेव्हा कुठं जुळायला लागला. कर्नाटक सरकारनं जमिनीच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायच्या ‘भूमी’ योजनेत हेच केलं होतं. तलाठ्यांकडून छापील नोंदी जुन्या दप्तराशी ताडून घेतल्या, आणि ज्या तालुक्यात कॉम्प्युटरचा उतारा सुरू झाला तिथं हातानं लिहिलेला उतारा बाद. तेव्हाचे तलाठी काय सगळे पंचविशीतले होते? (उतारा कन्नडमधून येतो, ते आपलं दुखणं वेगळं.)

टॅलीचं म्हणाल तर छोट्या शॉपला ती पुरते, मान्य. खरं मामांचं जॉबवर्कला बाहेरच्या शॉपमध्ये गेलेलं कास्टिंग कुठं अडकलंय हे विचारायला रोज दहा फोन होतात, त्याचं काय? आणि चोरी! काट्यावर उभा माणूस चुकीचं वजन सांगत असेल तर कॉम्प्युटर तेच चुकीचं वजन नीटनेटकं छापून देतो.

एवढं ऐकून मामा म्हणाले, "असू दे, खरं त्या लिडलचं काय?"

लिडलचे पैसे गेले हे खरं. सात वर्षं घालवून 2018 मध्ये त्यांनी सॅप या कंपनीच्या ईआरपीचं काम सोडलं. लिडल मालाचा हिशेब खरेदीच्या भावानं ठेवतं, सॅपची घडण विक्रीच्या भावाची. लिडल आपली सवय सोडेना, म्हणून सॉफ्टवेअरच वाकवत बसले.

"म्हणजे आमच्यासारखंच की," मामा म्हणाले, आणि मामीला हाक मारून भाकरी मागितली.