ट्रान्सपोर्ट सेंटर येतंय, तुमचं मत तयार आहे ना?

उद्या सकाळी चहा घेत पेपर उघडलात आणि पहिल्याच पानावर दिसलं की बेळगावच्या मधोमध ट्रान्सपोर्ट सेंटर होणार, खाली सिटी बस, वर लांबच्या गाड्या, त्याच्यावर पार्किंग, स्टेशनकडं चालत जायला पूल, तर गडबडून जाऊ नका. आतली बातमी वाचायची नाही. वाचली की मत बिघडतं. हेडिंग आणि फोटो एवढ्यावर आपल्या गावात आजवर सगळी मतं झालीत, आणि चांगली पक्की झालीत.

फोटो मात्र नीट बघा. काचेची बिल्डिंग, पुढं हिरवळ, हिरवळीवर पाठीला बॅग लावलेली दोन गोरीपान माणसं जी गणपत गल्लीत कधी कुणाला दिसली नाहीत, आणि बस एकच, तीही रिकामी. आख्ख्या फोटोत एक रिक्षा नाही, एक गाय नाही, जुलैचा चिखल नाही, पानाची एक पिचकारी नाही. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० गावांत आपलं नाव आलं तेव्हापासून असे फोटो बघून बघून आपली नजर तयार झालीय, त्यामुळं खाली एवढंच टाकायचं, "फोटोत छान दिसतंय." हे वाक्य चुकत नाही. सेंटर झालं तरी चालतं, नाही झालं तर जास्तच चालतं.

मग नाव. जागा मोजायच्या आधी नाव ठरलं पाहिजे, नाहीतर मोजणीवाले टेप कुठल्या नावानं धरणार? तुम्ही ग्रुपवर एक नाव टाका, समोरचा दुसरं टाकेल, तिसरा जोडनाव सुचवेल आणि दोघांच्या शिव्या खाईल, रात्री जेवणापर्यंत दोन-तीन थोर माणसांना आपण एकमेकांसमोर उभं केलेलं असतं. १ नोव्हेंबर २०१४ ला आणखी ११ गावांबरोबर बेळगावचं बेळगावी झालं, आणि २ तारखेला बस होती तिथंच आणि होती तशीच थांबली, खरं एवढं कोण ध्यानात ठेवतंय.

नावानंतर पाटी. इथं थट्टा जरा जपून करतो, कारण दुखणं खरं आहे. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा २०२४ साली झाला, आता सेंटर झालं की तिथंही पट्टी घेऊन अक्षरं मोजणारे येणारच. मराठीतनं पाटी मागणं यात चूक काहीच नाही, आमची आजी जन्मभर ड्रायव्हरचं तोंड बघून बसमध्ये चढली, पाटी तिला वाचताच यायची नाही, आणि एकदा ड्रायव्हर बदलला तर थेट खानापूरला जाऊन परत आली. खरं आपण भांडणार कुठल्या पाटीसाठी? सेंटरच्या दारावरच्या मोठ्या, जी वाचून कुणाला कुठं जायचं नसतं. बसच्या कपाळावरची पाटी लहान असते, लांबनं फोटोत येत नाही, तिच्यासाठी घसा कोण कोरडा करणार.

तुमचं बाजारात दुकान असलं तर काम सोपं आहे, दोन निवेदनं छापून गल्ल्यात ठेवायची. बस आत आली तर गिऱ्हाईकाला उभं राहायला जागा नाही, हे एक. बस बाहेर नेली तर गिऱ्हाईकच येणार नाही, हे दुसरं. ज्या दिवशी जे लागेल ते. आणि पार्किंगवर बोलताना आवाज चढवायचा, सकाळी दहाला दुकानापुढं लावलेली आपली कार रात्री नऊला हलते त्याचा इथं संबंध नाही, ती काय गिऱ्हाईकाची आहे?

टिळकवाडीवाल्यांनी स्टॉप पाच मिनिटांवर मागायचा आणि हॉर्न ऐकू येऊ नये अशी अट घालायची. पुढच्या गल्लीचंही तेच मागणं असतं, फक्त स्टॉप तुमच्या दारात.

गावाचा अभिमान विसरू नका. हुबळीत १५०७ मीटरचा प्लॅटफॉर्म झालाय, जगात सगळ्यात लांब, २०२३ पासून. तेव्हा आपल्याला १५०८ पाहिजे. बसला एवढा लांब फलाट कशाला असं विचारणारा हुबळीचा हस्तक समजावा. आणि बांधून वापरणार कोण असं कुणी विचारलंच तर हलग्याकडं बोट करायचं, तिथं कर्नाटक विधिमंडळाची सुवर्णसौध २०१२ पासून उभी आहे, हिवाळी अधिवेशन आलं की दहा-बारा दिवस काय गजबज असते की!

एक मत सगळ्यांनी ठेवायचंच, ते म्हणजे गर्दी बायकांमुळं होते. ११ जून २०२३ ला कर्नाटकात बायकांना बस फुकट झाली, तेव्हापासून हे मत फार चालतंय, आणि सगळ्यात ठामपणे ते मांडतो तो कॉलेज सुटल्यावर बसमध्ये पाय न ठेवलेला माणूस. त्याला कंडक्टरचं "मुंद होग्री, मुंद होग्री", म्हणजे पुढं चला, ऐकून किती वर्षं झाली विचारा.

आता निवेदनाचा फोटो, यात हयगय नको. कागद एक, साहेब एक, आणि कागदाला हात निदान आठ लागले पाहिजेत. ज्याचा हात पोचत नाही त्यानं पुढच्याच्या खांद्यावरनं मान काढायची. मी एकदा अशा फोटोत तिसऱ्या रांगेत होतो, पेपरात माझा कान आला, घरच्यांनी ओळखला. कागदात काय लिहिलं होतं ते मला अजून माहीत नाही, साहेबानं पण बघितलं नाही, टेबलावर ठेवून वर पेपरवेट ठेवला आणि "चहा घेणार?" म्हणाला.

आणि प्रवासी? त्यांना विचारायचं नाही. मी ही चूक केली म्हणून सांगतोय. सिटी बसस्टँडवर कडोलीच्या बसची वाट बघत एक मावशी बसलेल्या, भाजी खपलेली, बुट्टी उपडी घालून तिच्यावरच बसलेल्या, हातात आधारकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. मी म्हटलं मावशी, इथं मोठं सेंटर व्हायचं ठरलं, तर तुम्हाला काय पाहिजे? त्यांनी मला वरनं खालपर्यंत बघितलं, मतं मागायला आलेला वाटलो असणार.

"सावली हाय काय बगा बाबा. आनि पायरी उंच नगं, गुडगं दुकत्यात."

"आणि?"

"आनि गाडी फलाटाला लावायला सांगा की त्याला. रोज लांब थांबवतोय."

मी वाट बघितली, नाव, पाटी, हुबळी, काहीतरी येईल. काही नाही. हे तीन मुद्दे घेऊन निवेदन कसं लिहायचं सांगा? पायरी किती इंच पाहिजे हे छापलं तर मागं आठ हात कोण लावणार, आणि असल्या मागणीला मोर्चा निघाला तर घोषणा काय द्यायची?

तेवढ्यात कडोलीची बस आली आणि खरंच लांब थांबली, फाटकाजवळ. मावशी बुट्टी काखेत मारून पळाल्या, मला म्हणाल्या, "बगितलासा?" मी हो म्हटलं आणि गडबडीनं बाहेर आलो, कारण माझी स्कूटर बसच्या वाटेतच लावलेली होती, आणि मागचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता.