शंभरी भरता भरता

“अमरनाथ का?” आमच्या डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं. माझ्या वयाचा माणूस फिटनेस सर्टिफिकेट मागायला आला, की तो यात्रेला निघालेला असतो नाहीतर विमा एजंटाच्या तावडीत सापडलेला असतो. मी म्हटलं, “नाही, शर्यत आहे. मोटारसायकलची.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बीपीचा पट्टा अजून माझ्या दंडालाच होता. त्यांनी त्यात परत एकदा हवा भरली.

वय ५९. नाशकात, सातपूरच्या एका कारखान्यात ३२ वर्षं डिझेलच्या नोझलची भोकं मोजली, तीही मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. निवृत्तीनंतर लोक जे जे करतात ते सगळं करून पाहिलं. पहाटे सोमेश्वरपर्यंत चाललो, हास्यक्लबात खोटं खोटं हसलो, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीशी खरं खरं भांडलो. मग एका रात्री झोप येईना म्हणून मोबाइल चाळताना मला बर्ट मन्रो भेटला आणि घरातली शांतता संपली.

हा न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिल गावचा गृहस्थ. १९२० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यानं ‘इंडियन’ नावाच्या अमेरिकन कंपनीची मोटारसायकल घेतली आणि पुढची जवळपास पन्नास वर्षं तीच एक गाडी खोलली, जोडली, पुन्हा खोलली. पिस्टन घरी ओतायचा. फुटलेले पिस्टन नि वाकलेले दांडे फेकून न देता फळीवर मांडून ठेवायचा आणि वर पाटी लावायची: ‘वेगदेवतेला नैवेद्य’. १९६७ साली अमेरिकेत युटा राज्यातल्या बॉनव्हिल नावाच्या मिठाच्या मैदानावर, वयाच्या ६८व्या वर्षी, त्यानं ती गाडी ताशी २९५ किलोमीटरच्या वर पळवून आपल्या गटात विक्रम केला.

रविवारी मिसळीच्या टेबलावर मी हे सांगितलं. “अडुसष्टाव्या वर्षी, इंडियनवर!” एकजण पापड मोडत म्हणाला, “इंडियन म्हणजे कोण, सरदारजी का?” दुसऱ्यानं तर्री मागवली. आमच्या गावाला मोटार रॅलीचं वेड जुनं आहे, त्यामुळे गाड्या पळवणारी माणसं कुणाला नवीन नाहीत. पण हे काहीतरी वेगळं आहे हे त्यांना पटवताना माझी मिसळ गार झाली. यात शेजारी कुणी पळत नसतं. रस्ता सरळ, आपण एकटे आणि शेवटी घड्याळ. कुणाला हरवायचं नाही, कुणाला कट मारायचा नाही. मोटारींच्या मोठ्या विक्रमांना तर एका तासाच्या आत उलट दिशेनंही पळून दाखवावं लागतं आणि दोन्हींची सरासरी धरतात, म्हणजे वाऱ्यानं पाठीवर हात ठेवला असेल तर तो हिशेबात वजा होतो.

आमचा मंचरचा मित्र इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, “म्हणजे आमचा बैलगाडा शर्यतीचा घाटच की! एकेक बारी सुटणार, घड्याळ लावणार, सेकंद मोजणार. फक्त बैल नाही.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, “म्हणजे, एक आहे.”

इतिहास वाचायला घेतला आणि मला आणखी धीर आला. मोटारीच्या वेगाचा पहिला नोंदलेला विक्रम १८९८चा, पॅरिसजवळचा, ताशी ६३ किलोमीटर. माझी भाची अ‍ॅक्टिव्हावरून क्लासला उशीर झाला की कॉलेज रोडला एवढ्यानं जाते. पुढच्याच वर्षी, २९ एप्रिल १८९९ला, कामी जेनात्झी नावाच्या बेल्जियन माणसानं शंभरी ओलांडली: ताशी १०५.८८ किलोमीटर. आणि गाडी कसली, तर बॅटरीवरची! तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ होतो ‘कधीच समाधान न होणारी’. हे मी घरात मोठ्यानं वाचलं नाही. माल्कम कॅम्पबेलनं ताशी ३०० मैल ओलांडले ते पन्नाशीत. १९९७ साली अँडी ग्रीननं नेवाडाच्या वाळवंटात ताशी १२२८ किलोमीटर गाठून आवाजालाही मागं टाकलं, पण तो लढाऊ विमानांचा वैमानिक होता, त्याचं सोडा. मी माझं ध्येय जेनात्झीच्याही अलीकडे ठेवलं. शंभर. फक्त शंभर.

हिला सांगितलं तेव्हा ही भाजी निवडत होती. “शंभर? अहो, तुमची शंभरी केव्हाच भरलीय,” म्हणाली आणि मेथीची जुडी सोडली.

गाडी घरचीच होती. १९८६ची येझदी रोडकिंग, अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, म्हैसूरची. नवी असताना १६ अश्वशक्तीची. त्यातले किती अश्व हयात होते ते बघायला भद्रकालीतल्या चाचांकडे नेली. ज्यांनी येझदी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो: हिची किक आणि गिअर हा एकच दांडा. किक मारायची, तोच दांडा पुढे पाडायचा आणि मग त्यानंच गिअर टाकायचे. चाचांनी दांडा हलवून पाहिला, इंजिनाला कान लावला, मग माझ्याकडे पाहिलं. “साहेब, बोअर करावं लागंल.” ही मागून म्हणाली, “मला तर तीस वर्षं करतायत.” चाचा इतके हसले की त्यांनी मजुरीत दोनशे रुपये सोडले. बोअर झालं, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा केला, नवा पिस्टन आला, सायलेन्सरमधला कार्बन कॉस्टिक सोड्यानं धुतला. निघालेला काळा चिखल बघून मला माझ्या रक्तवाहिन्यांची काळजी वाटायला लागली.

जुना पिस्टन मी घरी आणून शोकेसमध्ये ठेवला. मन्रोसारखा. हिनं त्यात अगरबत्ती खोचली.

आता सराव. नाशकात ताशी शंभर कुठे जाणार? द्वारका चौकात काटा झोपेतून उठत नाही. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे, पण दुचाकीला प्रवेशच नाही. तसंही रस्त्यावर असले चाळे करायचे नाहीत अशी शपथ ही आणि चाचा, दोघांनी मिळून घातली होती. त्यामुळे सराव झाला तो कागदावर. मोजमापाच्या माणसाला ते बरंच. तिथे एक गोष्ट कळली आणि माझी झोप पुन्हा गेली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं. म्हणजे ८० वरून १०० वर जायचं, वेग फक्त सव्वापट, पण हवेशी झुंजायला ताकद जवळजवळ दुप्पट. इतकी वर्षं मला वाटत होतं आपण गुरुत्वाकर्षणामुळे थकतो. खरा शत्रू समोरून येणारी हवा होती.

उपाय एकच: हवेला कमीत कमी दिसायचं. टाकीवर छाती टेकवून पालथं पडायचं, हनुवटी खाली, कोपरं आत. सव्वीस वर्षांच्या पोराची छाती टाकीला टेकते. माझ्या बाबतीत आधी पोट टेकतं आणि छाती वरच राहते, पूल बांधल्यासारखी. शिवाय चष्मा प्रोग्रेसिव्ह. वरच्या भागातून लांबचं, खालच्यातून जवळचं. पालथं पडून डोळे वर केले की समोरचा रस्ता स्वच्छ दिसतो, पण नाकाखालचा स्पीडोमीटर म्हणजे ढगात उगवलेला चंद्र. आपण किती वेगानं चाललोय हे सोडून बाकी सगळं दिसतं.

कातडी सूट पुण्याच्या एका पोराकडून सेकंडहँड घेतला. त्याचं लग्न ठरलं होतं म्हणून विकायला काढला म्हणे. अंगात घालताना माझ्या लग्नात नेसलेल्या सोवळ्याची आठवण झाली. तेही असंच दुसऱ्याच्या मापाचं होतं. एक बाही मुलीनं ओढली, दुसरी हिनं, चेन वर ओढायला शेजारच्या फ्लॅटमधले काका आले. ते निवृत्त पोलीस हवालदार. त्यांनी माझ्या पाठीत गुडघा रोवला, अनुभवी माणूस. चेन बंद झाली. आता एक नवीनच शोध लागला: हे सूट मुळात वाकून बसलेल्या माणसासाठी शिवलेले असतात. ताठ उभं राहायला गेलं की सूट खांदे धरून पुढे ओढतो. मी हॉलभर नमस्काराला वाकल्यासारखा फिरलो. मुलगी म्हणाली, “बाबा, कुणाच्या पाया पडताय?” वर हेल्मेट. चष्मा घालून डोकं आत जात नाही. आधी चष्मा काढा, डोकं घाला, मग काच वर करून चष्म्याच्या काड्या चाचपडत कानामागे सरकवा. एकदा काडी कानात गेली.

नाशिकपासून दोन-अडीच तासांवर एका खासगी धावपट्टीवर हौशी लोकांच्या वेगाच्या धावा होत्या. गाडी टेम्पोत, आम्ही कारमध्ये. गेटावरच एका पोरानं मला अडवून अदबीनं सांगितलं, “काका, प्रेक्षकांच्या खुर्च्या तिकडे, सावलीत आहेत.” तपासणीला पंचविशीचा एक मुलगा होता. त्यानं आरसे आणि मधला स्टँड काढायला लावला, ऑइलच्या बोल्टाला तार गुंफलीय का पाहिलं, पडलो तर इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधलीय का पाहिलं. आरटीओत एवढं कुणी बघितलं असतं तर माझं लायसन्स झालंच नसतं. मग तो टायरवरचे चार आकडे वाचू लागला. त्यात टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं, हे मला ठाऊक होतं. टायर मी नवे घातले होते. पिस्टन सोडला तर गाडीवरची तेवढी एकच गोष्ट माझ्या निवृत्तीनंतर जन्मलेली होती.

आणि मग रांग.

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. वेगाच्या शर्यतीत माणूस मुख्यतः उभा असतो. त्र्यंबकेश्वरला श्रावणी सोमवारी जशी तासन्‌तास रांग आणि मग गाभाऱ्यासमोर “चला, चला, पुढे चला”, तसंच. त्यात मी हुशारी करून सकाळी आठलाच सूट चढवून बसलो होतो. अकरा वाजता माझ्यापुढे अजून सोळा गाड्या होत्या. ऊन चढलेलं, आत घामाचं तळं, आणि पन्नाशीनंतर पुरुषाच्या शरीरात जी ग्रंथी मोठी होते तिनं आपली हजेरी लावली. चेन उघडायची तर हवालदारकाका नाशकात. मी पाय आवळून, वाकलेल्या अवस्थेत, टेम्पोला धरून उभा राहिलो. हायाबुसा नावाची दांडगी मोटारसायकल घेऊन आलेला एक मुलगा येऊन म्हणाला, “काका, नर्व्हस आहात का? डीप ब्रीथ घ्या.” दीर्घ श्वास ही त्या क्षणी अत्यंत घातक सूचना होती.

तेव्हा संगमनेरच्या बाई भेटल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, वय ६१, गाडी प्रीमियर पद्मिनी, पांढरी. शेजारच्या रांगेत घडीच्या खुर्चीवर बसून थर्मासमधून चहा पीत होत्या. त्यांचं हे दुसरं वर्ष. सूट मांडीवर घडी करून ठेवलेला. “तो पुढे पाचजण राहिले की घालायचा,” त्या म्हणाल्या, “आणि चहा एकच कप.” नंतर माझी अवस्था ओळखून त्यांनी हिला खूण केली, पद्मिनीचे दोन्ही दरवाजे आडोशासारखे उघडले आणि माझी चेन दोघींनी मिळून, एकीनं धरून नि एकीनं ओढून, सोडवली. त्यानंतर मला जो आनंद झाला तो पुढे शर्यतीतसुद्धा झाला नाही.

“तुम्ही या फंदात कशा पडलात?” मी परत येऊन विचारलं.

“तीस वर्षं मी व्हरांड्यात उभं राहून ओरडले, ‘पळू नका रे, पळू नका’,” बाई म्हणाल्या, आणि दुसरं काही बोलल्या नाहीत.

माझा नंबर दुपारी दीडला लागला. किक मारली, दांडा पुढे पाडला, पहिला गिअर. झेंडा पडला. पहिले दोन गिअर काय झालं ते आठवत नाही. तिसऱ्यात येझदी कुत्र्यासारखी भुंकायला लागली, चौथ्यात मी पोटावर पालथा पडलो. वारा हेल्मेटच्या खालून शिरला आणि चष्मा हळूहळू कपाळाकडे सरकू लागला. आता लांबचं मला वाचायच्या भागातून दिसत होतं, म्हणजे काहीच दिसत नव्हतं. कडेला शंकू होते, त्यांचा एक भगवा पट्टा झाला होता, तो धरून चाललो. सगळी नटबोल्टं एका सुरात ओरडत होती. मला खात्री होती, दीडशे. किमान एकशेतीस. मी मोठ्यानं काहीतरी ओरडलोसुद्धा. ही म्हणते, ते “आई गं” होतं.

टेबलावरच्या मुलानं चिठ्ठी फाडून दिली. ९७.४.

मी चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे कोरी होती. “मशीन बरोबर आहे ना?” मी विचारलं. मायक्रॉनवाल्या माणसानं असं विचारणं शोभत नाही, पण विचारलं. पद्मिनीचे १०८ आले होते. बाईंनी माझी चिठ्ठी चष्मा लावून वाचली, उत्तरपत्रिका वाचावी तशी, आणि म्हणाल्या, “छान. पण वारा पाठीमागून होता हं.” संध्याकाळी दुसरी धाव मिळाली. पट्टीवर सगळे एकाच बाजूनं सुटत होते, पण वारा तोवर फिरला होता. ९३.८. सरासरी काढायची नाही असं मी ठरवलं.

घरी येऊन ९७.४ ची चिठ्ठी फ्रिजवर चुंबकानं लावली, गॅसच्या पावतीशेजारी. दूधवाल्यानं दोनदा ती वाचून “काका, हा कोणत्या महिन्याचा हिशोब?” म्हणून विचारलं. मुलगी म्हणाली, “बाबा, फोटो काढून ठेवा, हा थर्मल कागद आहे, पेट्रोल पंपावरच्या पावतीसारखा. उडून जाईल.” मी काढतो म्हटलं आणि काढला नाही. नाशिकचा उन्हाळा, फ्रिजवर दुपारचं ऊन पडतं. मेअखेरीस आकडा पुसट झाला, जूनमध्ये नुसती पांढरी पट्टी उरली.

गेल्या रविवारी मिसळ खाताना नवीन आलेल्या एकानं विचारलं, “किती गेली होती हो येझदी?” मी पाव मोडत म्हणालो, “एकशेतीन.” मंचरवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “मागच्या रविवारी एकशेएक होती. गाडी सुधारतेय.”