निर्यात उघडली, पण गिऱ्हाईक परत आलं का?

४ मे २०२४. सकाळी चुलतभावाचा फोन आला, "दादा, निर्यात उघडली!" उन्हाळ कांदा नुकताच साठवणीच्या चाळीत भरला होता. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राची कांदा निर्यातबंदी आली तेव्हा लाल कांद्याची आवक जोरात होती. लिलाव बंद पडले, चांदवडला हायवे अडवला, आणि त्यानंतर पाच महिने आम्ही याच बातमीची वाट बघत होतो.

पण अट वाचली आणि आनंद ओसरला. किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याच्याखाली बाहेर विकताच येत नाही तो भाव, टनाला ५५० डॉलर आणि वर ४० टक्के शुल्क. म्हणजे टनाला ७७० डॉलर, किलोला ६४ रुपयांच्या आसपास. या भावाने ढाक्याचा व्यापारी आपला कांदा कशाला घेईल? दिंडोरी आणि नाशिकचं मतदान २० मेला होतं. तारखा शेजारी ठेवल्या की अर्धवट दार कोणासाठी उघडलं ते कळतं.

त्याआधी एप्रिलमध्ये गुजरातच्या २००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली होती. ती आमच्या लोकांना बंदीपेक्षा जास्त लागली. तोटा माणूस सोसतो, पंक्तिभेद नाही सोसत. दिंडोरीत तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री, भाजपच्या भारती पवार लाखाहून जास्त मतांनी पडल्या, नाशिकची जागाही महायुतीच्या हातून गेली. मग १३ सप्टेंबरला किमान मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि नोव्हेंबरच्या विधानसभेत नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीला मिळाल्या. सगळं कांद्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, लाडकी बहीण होती, इतरही बरंच होतं. पण राग थंड व्हायला ती सवलत कामी आली, हे मी आमच्या पारावर डोळ्यांनी बघितलंय.

मला बोलायचंय ते यापुढचं. मतं परत आली, गिऱ्हाईक आलं का?

बांगलादेश हे अनेक वर्षं आपल्या कांद्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. २९ सप्टेंबर २०१९ ला आपण एका दिवसात निर्यात थांबवली. तिकडे भाव किलोला २५० टाका (तिथलं चलन) इतका गेला, विमानाने कांदा आणावा लागला. त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या होत्या की मी आचाऱ्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय, थोडं आधी कळवलं असतं तर दुसरीकडून सोय केली असती. आपल्याकडे तो विनोद म्हणून फिरला. मला ती रास्त तक्रार वाटते. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, आपण पुन्हा तेच केलं आणि सीमेवर उभ्या ट्रकांत माल सडला.

बांगलादेशालाही निवडणुका आहेत, महाग कांद्यावर बोंबलणारं शहर आहे, आणि तिथल्या पाबना-फरिदपूर जिल्ह्यांत आपल्यासारखेच कांदा पिकवणारे शेतकरी आहेत. आपल्या प्रत्येक बंदीने तिथल्या शेतकऱ्याची बाजू बळकट झाली. भारताच्या भरवशावर राहू नका, हे सांगायला त्याला आयतं उदाहरण मिळालं. २०२५ मध्ये आपण १ एप्रिलपासून उरलेलं २० टक्के शुल्कही काढलं, तर त्यांनी त्या वर्षी बराच काळ आयातीचे परवानेच रोखून धरले. भाऊ म्हणाला, "आता तर सगळं मोकळं आहे ना? मग भाव का नाही?" त्याला काय सांगू? आपली बाजू मोकळी झाली, त्यांची बंद झाली.

शहरातल्या मित्रांवर माझा राग नाही. ८० रुपये किलो कांदा घेणाऱ्या बाईची अडचण खरीच आहे. सरकारने तिच्यासाठी बफरमधून, म्हणजे आपल्या राखीव साठ्यातून, स्वस्त कांदा द्यावा, त्याचा खर्च तिजोरीतून करावा. आमच्या चाळीतून तो वसूल करू नये.

आणि कुठल्याही पक्षाचं सरकार असो, माझी मागणी एकच आहे. निर्यातीचा निर्णय रोपं टाकायच्या आधी जाहीर करा आणि तो हंगाम संपेपर्यंत बदलू नका. बदलायचाच असेल तर निदान दोन महिने आधी आम्हालाही सांगा आणि ढाक्यालाही. येत्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला मी हे लेखी मागणार आहे. निफाड, येवला, चांदवड, कळवणच्या मंडळींनी पण मागावं.